चौदा वर्षं एफएसएक्स, आणि मग नव्या सिममध्ये लँडिंग पहिल्यापासून

टिंग.

एफएसएक्सवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर एक्स या घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या सिमवर, ज्यांनी लांबलांबच्या फ्लाइट केल्यात त्यांना हा आवाज कसला ते सांगायलाच नको. बाकीच्यांसाठी सांगते, सिमची मेमरी संपत आली की एफएसयूआयपीसी नावाचं एक टूल, जे आमच्यातल्या बहुतेकांनी टाकलेलं असायचं, ते टिंग करून इशारा देतं. मग टिंग टिंग टिंग वाढत जातं, चित्र थिजतं आणि मेमरी संपली म्हणून एक छोटी खिडकी येते. त्या रात्री सव्वातीन तास उडून झाले होते, आयएलएस, म्हणजे रनवेकडे नेणारा रेडिओ सिग्नल, पकडलेला, चाकांचा गिअर खाली, फ्लॅप पूर्ण, रनवेचे दिवे समोर, उंची पाचशे फूट, आणि गेलं सगळं. मी कितीतरी वेळ तशीच बसून होते जॉयस्टिकवर हात ठेवून.

यात दोष द्यावा असं कोणी नाही. एफएसएक्स आलं ऑक्टोबर २००६ मध्ये, ३२ बिटचा प्रोग्रॅम, आणि ३२ बिटच्या प्रोग्रॅमला विंडोज ६४ बिट असलं तरी जास्तीत जास्त ४ जीबीच वापरता येते, मग मशीनमध्ये रॅम १६ जीबी असो की ६४. त्या ४ जीबीत मी काय काय भरलं होतं तर मोठ्या विमानतळांची डिटेल सीनरी, जड एअरलाइनर, ढगांचे भारी टेक्श्चर आणि वर सगळी ट्रॅफिक. २००६ च्या पिशवीत २०२२ चं सामान कोंबलं की ती कुठेतरी उसवणारच, आणि ती नेमकी फायनलवर, म्हणजे रनवेसमोरच्या शेवटच्या सरळ उतरणीवर, उसवायची कारण मोठा विमानतळ तेव्हाच लोड होतो.

तरी सोडवत नव्हतं. २००८ मध्ये दोन डीव्हीडींवरून मी ते पहिल्यांदा टाकलं तेव्हापासून ते कायम कुठल्या ना कुठल्या डिस्कवर होतंच. ज्या एसेस स्टुडिओने ते बनवलं तो जानेवारी २००९ मध्ये बंदच झाला, म्हणजे माझ्याकडे आलं त्याच्या पुढच्याच वर्षी, आणि तरी जगभरच्या लोकांनी विमानं, विमानतळं, हवामान सगळं बनवून बनवून ते जिवंत ठेवलं. माझ्याकडे एक वही आहे, त्यात एफएसएक्सच्या सीएफजी, म्हणजे सेटिंगच्या, फाइलमधली प्रत्येक ओळ आणि ती बदलल्यावर काय फरक पडला ते लिहिलेलं आहे. हायमेमफिक्स बरोबर १, टेक्श्चर मॅक्स लोड ४०९६, ऍफिनिटी मास्क किती ठेवला की जमीन धूसर दिसायची थांबते. विंडोज ७ वर मेनू उघडता उघडता सिम बंद पडायचं त्यावर यूआयऑटोमेशनकोअर नावाची एक जुनी डीएलएल फाइल एफएसएक्सच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवायची हा उपाय लाल पेनाने लिहिलेला आहे. एवढं ज्याच्यासाठी केलं ते सोडायचं म्हणजे मनावर घ्यावं लागतं. त्या पाचशे फुटांनी मनावर घ्यायला लावलं.

कुठलं घ्यायचं यात आठवडा गेला. एक्सप्लेन १२ चा डेमो फुकट मिळतो, तो टाकून बघितला, त्याची उडण्याची पद्धत वेगळी आहे, पंखाचे आणि प्रोपेलरचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येकावर किती जोर येतो ते तो सतत मोजत असतो, आणि विमान हातात छान भारदस्त लागतं. पण मला खालची जमीन बघायची होती. इतकी वर्षं त्याच त्याच फरशीसारख्या चिकटवलेल्या शेतांवरून उडून झालं होतं. म्हणून मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, २०२० चं. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यात हेलिकॉप्टर आणि ग्लायडरसुद्धा आले, ग्लायडर माझं जुनं वेड, म्हटलं आता घ्यायचंच.

घेण्याआधी एक काम मात्र शांतपणे बसून केलं आणि ते करा असं मी प्रत्येकाला सांगेन. जुन्यातलं काय बरोबर येणार आणि काय नाही याचा नीट हिशोब. विमानं येणार नाहीत. जुनी मॉडेलं, जुने गेज, पॅनेलच्या फाइली, हे सगळं नव्यासाठी परत बनवावं लागतं, आणि कोणी जुनं विमान ढकलून नव्यात बसवून दिलं तरी ते धड उडत नाही, कॉकपिटमधले अर्धे काटे मेलेले असतात. सीनरी येणार नाही. माझ्या लाडक्या एका जोड इंजिनाच्या विमानाच्या निर्मात्याला मेल केला की नव्यासाठी काही सवलत आहे का, उत्तर आलं नाही, वाईट वाटलं, पण ठीक आहे. बरोबर काय येतं तर फ्लाइट प्लॅनच्या पीएलएन फाइली, त्यांची पद्धत बरीचशी तीच आहे. आणि मला सगळ्यात आनंद झाला तो सिमकनेक्टचा. सिमकनेक्ट म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमने सिमशी बोलायचा जो रस्ता, तो एफएसएक्सबरोबर आला आणि नव्यानेसुद्धा तोच रस्ता पुढे नेलाय. त्यामुळे लिटल नॅव्हमॅप, ज्याच्यावर मी वर्षानुवर्षं नकाशा उघडून बसते, तो दोन्हीकडे चालतो. ओळखीचं एक माणूस नव्या गावात भेटावं तसं वाटलं.

लॉगबुक येत नाही. माझ्या जुन्या लॉगबुकमध्ये अकराशे बारा तास होते. ते एका बायनरी फाइलमध्ये असतं आणि नव्यात ते टाकायला जागाच नाही, तिथे शून्यापासून सुरुवात. शेवटच्या दिवशी मी लॉगबुक उघडून खालचा आकडा त्याच वहीत लिहून ठेवला, तारीख टाकून.

मशीनचं थोडक्यात सांगते. १५० जीबी जागा लागते म्हणून वेगळी एसएसडी घातली, १६ जीबी रॅम होतीच ती ३२ केली. जुनं सिम मुख्यतः सीपीयूच्या एका कोअरवर जीव काढायचं, नवं ग्राफिक्स कार्डाला पण पुरेपूर कामाला लावतं. आणि इंटरनेट हा आता विमानाचा एक भागच समजायचा, कारण जमिनीचा डेटा दोन पेटाबाइटच्या वर आहे, तो कोणाच्याही घरात मावणारा नाही, तुम्ही उडता तसा तो खालून येत राहतो. नेट नसलं तरी सिम चालतं पण मग जमीन साधी होते.

डाउनलोडला दीड दिवस लागला. माझ्या लाइनचाच प्रॉब्लेम होता, मध्येच तुटायची आणि एका फाइलवर येऊन पट्टी हलायचीच नाही. दोनदा बंद करून चालू केलं, तिसऱ्यांदा ती अर्धवट उतरलेली फाइल शोधून उडवली, मग सुरळीत गेलं. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही, रात्री लावून झोपा.

जॉयस्टिक हा खरा पहिला टप्पा. मला वाटलेलं लावली की झालं, कारण सिम तिला लगेच ओळखतं आणि सगळी बटणं आपोआप नेमून टाकतं. पण थ्रॉटलचा दांडा अर्ध्यापर्यंत आणला तरी इंजिन मंदच आणि त्याच्या पुढे एकदम सुसाट. अर्धा तास मी दांडाच खराब झाला असं समजून तो हलवत होते. तर तिथे थ्रॉटल ऍक्सिस नावाच्या दोन वेगळ्या नोंदी आहेत, एक साधी आणि एक शून्य ते शंभर टक्के अशी, आणि आपल्या दांड्याला कुठली लागू होते ते करूनच बघावं लागतं. माझ्यासाठी दुसरी लावली तेव्हा सगळा दांडा कामाला लागला. शिवाय दोन डिव्हाइस जोडलेली असली तर दोन्हीवर तीच ऍक्सिस नेमलेली असू शकते, मग दोघं भांडतात आणि विमान मधूनच झटका खातं, म्हणून प्रत्येक डिव्हाइसचं पान उघडून नको त्या नोंदी पुसायच्या. सेन्सिटिव्हिटीची वक्ररेषा मी उणे ३५ च्या आसपास आणली, त्याआधी नाक नुसतं माशासारखं वळवळत होतं. यात एक संध्याकाळ गेली आणि ती जाऊ द्यावी, कारण इथे घाई केली तर पुढचे पंधरा दिवस आपण विमानाला नावं ठेवत बसतो.

मग पहिली फ्लाइट.

कुठून करायची ते मला आधीच माहीत होतं. एफएसएक्स पहिल्यांदा उघडलं की ते तुम्हाला फ्रायडे हार्बरला उभं करायचं, वॉशिंग्टन राज्यातल्या सॅन वान बेटांवर, एका उघड्या अल्ट्रालाइट ट्राइकमध्ये. २००८ मध्ये मी तिथूनच पहिल्यांदा उडाले होते. नव्यातही फ्रायडे हार्बरच निवडलं, रनवे ३४, विमान सेसना १७२, सकाळची वेळ, हवा लाइव्ह. लोड झालं आणि मी काहीच केलं नाही, नुसती बघत बसले. जुन्यात हे बेट म्हणजे हिरवा रंग, त्यावर ठोकळेबाज झाडं आणि निळी कडा. इथे रनवेच्या बाजूचं गवत वाऱ्याने एका बाजूला झुकत होतं, लांब पूर्वेला माउंट बेकरचा बर्फ उजळलेला, खाली बंदरातल्या बोटींच्या रांगा. तीच जागा, तेच नाव, मी तिथे शंभरदा तरी उतरले असेन, आणि मला कळलं की मी ती कधी बघितलीच नव्हती.

असिस्टन्सची पानं उघडली आणि सगळी मदत बंद केली. चौदा वर्षांचा अनुभव आहे, मदत कशाला. थ्रॉटल पूर्ण दिला आणि विमान सरळ डावीकडे निघालं, गवतात.

परत केलं. परत डावीकडे. वाऱ्याचं बघितलं तर जवळपास शांत. जॉयस्टिकचं कॅलिब्रेशन बघितलं, ठीक. डावा ब्रेक अडकलाय का बघितलं, नाही. तिसऱ्या वेळी नाक कसंबसं उचललं तर ते हवेतही डावीकडेच ओढत होतं, आणि माझे हात त्याला एलेरॉनने, म्हणजे पंखांच्या टोकाकडच्या पात्यांनी, उजवीकडे दाबत होते, म्हणजे विमान तिरकं होऊन वर चढत होतं, असं तिरकं सरकणं दाखवणारा पॅनेलवरचा बॉल एका टोकाला. माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे, या छंदातूनच ओळख झाली, तो खऱ्या विमानावर शिकतोय. त्याला स्क्रीन दाखवली. तो म्हणाला, "ताई, उजवा रडर." रडर म्हणजे शेपटीचं हलणारं उभं पातं, म्हटलं त्याने विमान उजवीकडे वळेल ना. "नाही वळणार, सरळ जाईल. दे तू."

दिला आणि ते सरळ गेलं.

याचं कारण मी वाचलेलं होतं, परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलंही असतं. प्रोपेलर कॉकपिटमधून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, त्याने ढकललेली हवा विमानाभोवती गोल गोल मागे जाते आणि शेपटीच्या उभ्या पंखाला डाव्या बाजूने आदळते, म्हणून नाक डावीकडे. इंजिनाचा उलटा पीळ विमानाला डावीकडे दाबतो. आणि नाक वर केलं की प्रोपेलरचं खाली जाणारं पातं, म्हणजे उजवीकडचं, वर येणाऱ्या पात्यापेक्षा जास्त हवा कापतं, त्याला पी फॅक्टर म्हणतात, तोही डावीकडेच ओढतो. पूर्ण पॉवर आणि कमी वेग असताना हे सगळं एकत्र येतं, म्हणजे नेमकं टेकऑफला. मग चौदा वर्षं हे मला जाणवलं कसं नाही? जुनं सिम उघडलं आणि रिअलिझमच्या पानावर गेले. ऑटोरडरची, म्हणजे रडर सिमनेच सांभाळायची, खूण केलेली. २००८ मध्ये माझ्याकडे पीळ न देता येणारी साधी जॉयस्टिक होती तेव्हा ती केली असणार आणि नंतर तीन जॉयस्टिक बदलल्या तरी ती तशीच राहिली. खाली पी फॅक्टर, टॉर्क, जायरो अशा पट्ट्या आहेत, त्याही डावीकडे. म्हणजे अकराशे बारा तास माझे पाय सिमनेच चालवले होते.

मी खरंच दोन दिवस सिम उघडलं नाही.

मग पेडल मागवली. पीळ देता येणारी जॉयस्टिक चालते, पण हाताने रडर करायची सवय लागली की एलेरॉन आणि रडर एकाच मनगटात अडकतात, तो मुलगा म्हणाला पायांना त्यांचं काम शिकवायचं तर पाय लागतील. पेडल आल्यावर तीन आठवडे मी फक्त एवढंच केलं, टेकऑफ, पॅटर्न म्हणजे विमानतळाभोवतीची चौकोनी फेरी, लँडिंग, परत. थ्रॉटल पुढे जातो तसा उजवा पाय, ५५ नॉटला नाक उचललं की आणखी थोडा, ७४ ला चढत असताना बॉल मध्ये आहे का, थ्रॉटल मागे घेतला की पाय सैल. पहिल्या आठवड्यात विचार करून करत होते आणि प्रत्येक वेळी उशीर व्हायचा. कधीतरी दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की आज बॉलकडे बघितलंच नाही आणि तो मध्येच होता, खुर्चीतून ते कळायला खुर्ची काही हलत नाही, पण क्षितिज कसं सरकतं त्यावरून पायाला कळायला लागलं होतं.

लँडिंग याहून अवघड गेलं.

जुन्यात मी लँडिंग आकड्यांवर करायचे. खाली जमीन धूसर, झाडांचं अंतर लागत नाही, मग डोळे आपोआप आत जातात. विमानतळाची उंची ११३ फूट, म्हणजे १३५ दिसले की हळू मागे ओढायचं, व्हर्टिकल स्पीड, म्हणजे खाली यायचा वेग, कमी होतोय ना बघायचं, टेकलं. एअरलाइनरमध्ये तर पन्नास, चाळीस, तीस असं विमानच बोलतं. याच पद्धतीने नव्यात उतरले तर सेसना रनवेवर टेकायच्या आधी परत फुग्यासारखी वर, मग वेग संपून दाणकन खाली, उसळी, परत खाली. सगळ्यात वाईट लँडिंगला सहा उसळ्या मोजल्या मी. जमिनीच्या अगदी जवळ पंखाला हवेचा रोध कमी होतो आणि विमान तरंगत राहतं, वेग पाच नॉट जरी जास्त असला तरी ते रनवे खात खात पुढे जातं, हे इथे ठळक जाणवतं, आणि फ्रायडे हार्बरचा रनवे ३४०० फुटांचा आहे, वाया घालवायला फार नाही.

त्या मुलाने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "तू आत काय बघत बसतेस ताई? कागद चिकटव."

म्हटलं कसला कागद.

"मॉनिटरवर. अल्टिमीटरवर आणि व्हर्टिकल स्पीडवर. आम्हाला पण इन्स्ट्रक्टर झाकून ठेवतात."

पिवळ्या चिकटकागदाचे दोन तुकडे मॉनिटरवर लावले, फक्त वेगाचा काटा उघडा. आणि कॅमेरा वर घेतला, कारण मुळात जी बसायची उंची मिळते ती मला खूप खाली वाटली, रनवे डॅशबोर्डमागे लपतो. उंची नीट झाली की ती कंट्रोल, अल्ट आणि एक आकडा दाबून साठवता येते, मग अल्ट आणि तो आकडा दाबला की तीच जागा. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मग फायनलवर ६५ नॉट, फ्लॅप पूर्ण, आणि रनवेवरचा एक ठिपका धरायचा, रनवेच्या आकड्याच्या थोडा अलीकडे. तो ठिपका काचेत वर सरकायला लागला तर आपण कमी पडतोय, खाली सरकायला लागला तर जास्त होतंय, आणि जागेवर राहून नुसता मोठा होतोय तर बरोबर तिथेच जातोय. शेवटच्या क्षणी नजर तिथून काढून रनवेच्या पार पलीकडच्या टोकाला न्यायची. तिकडे बघितलं की रनवेच्या दोन्ही कडा आपल्या खांद्यांशी वर आल्यासारख्या दिसतात, आणि ते दिसलं की थ्रॉटल बंद आणि विमानाला टेकू द्यायचं नाही, नाक थोडं, आणखी थोडं वर धरत राहायचं, ते दमून आपणहून बसतं.

एकोणिसाव्या प्रयत्नाला ते तसं बसलं. आधी मागची दोन चाकं, एक कुईं, मग दुसरं, आणि पुढचं चाक मी हवेतच धरून ठेवलं होतं ते नंतर हळूच खाली आलं. मॉनिटरवरचे ते दोन पिवळे तुकडे अजून माझ्या वहीत चिकटवलेले आहेत, त्या तारखेच्या पानावर.

एवढं जमल्यावर पुढचं सोपं नाही पण मजेचं झालं. फ्रायडे हार्बरहून ऑर्कसला जायचं, बारा नॉटिकल मैलांच्या आसपास, जीपीएस बंद, नुसतं बाहेर बघून. जुन्यात असं करायचा विचारच येत नसे कारण बाहेर ओळखण्यासारखं काही नव्हतं. इथे खाडीचा आकार, डोंगर, फेरीबोटीचा धक्का हे सगळं नकाशात आहे तसंच खाली आहे. ऑर्कसवरच्या माउंट कॉन्स्टिट्यूशनच्या मागच्या बाजूला, जिकडे वारा डोंगर ओलांडून खाली उतरतो, तिकडे गेले तर विमान मिनिटाला तीनशे फुटांनी खाली जायला लागलं, इंजिन तसंच. नव्यात वारा डोंगरावरून वर चढतो आणि पलीकडे खाली पडतो, हे मी ऐकून होते, पण अंगावर आलं तेव्हा आपोआप थ्रॉटल पुढे गेला आणि मी त्या डोंगरापासून लांब वळले. आता वाऱ्याची दिशा बघूनच डोंगराची बाजू ठरवते.

फ्रेम रेटबद्दल लोक फार विचारतात म्हणून एवढंच. डेव्हलपर मोड चालू केला की एक छोटी पट्टी सांगते की अडकतंय कुठे, सीपीयूच्या मुख्य थ्रेडमध्ये की ग्राफिक्स कार्डात. माझं मेनथ्रेडमध्ये अडकायचं, टेरेनचं लेव्हल ऑफ डिटेल, म्हणजे जमिनीचे बारकावे, २०० वरून १०० वर आणलं आणि सगळं सुतासारखं झालं. ३० फ्रेमवर लॉक करून ठेवलंय, छोट्या विमानाला पुरतं. आणि ऍडऑनसाठी, म्हणजे बाहेरून आणलेल्या विमानं-सीनरीसाठी, कम्युनिटी नावाचा एक फोल्डर आहे, त्यात टाकलं की लागलं, काढलं की गेलं, जुन्यासारखी सीनरीची उतरंड लावत बसायला लागत नाही. मोठं अपडेट येणार असेल तर तो फोल्डर आधी रिकामा करा आणि एकेक करून परत भरा, ही सवय मला फार उपयोगी पडली.

नेव्हिगेशनमध्ये बदल बघून मी चकित झाले. एफएसएक्सचा डेटा त्याच्या काळात थांबलेला. अमेरिकेतल्या टँपा विमानतळाच्या १८ आणि ३६ या रनवेंचे आकडे २०११ मध्ये १९ आणि १ झाले, कारण चुंबकीय उत्तर सरकत राहते आणि रनवेचा आकडा त्यावर ठरतो, लंडनजवळच्या स्टॅनस्टेडचं ०५ आणि २३ चं २००९ मध्येच ०४ आणि २२ झालं होतं. जुन्यात दोन्ही अजून जुन्या आकड्यांवर. नव्यात डेटा २८ दिवसांच्या चक्राने बदलतो, चार्ट उघडला की रनवेवर रंगवलेला आकडा आणि कागदावरचा आकडा जुळतो. आणि जी १००० या कॉकपिटमधल्या स्क्रीनवर प्लॅन तिथल्या तिथे टाकता येतो, एकामागून एक पॉइंट, उतरायचा ठरलेला मार्ग म्हणजे ऍप्रोचसुद्धा, जुन्या जीपीएसमध्ये एका जागी थेट जाणं किंवा ऍप्रोच निवडणं एवढंच जमायचं, पॉइंट एकेक करून हाताने टाकता येत नव्हते.

पण मला टेंपलहॉफ आठवतं. बर्लिनच्या मध्यातला तो विमानतळ ऑक्टोबर २००८ मध्ये बंद झाला, २०१० पासून तिथे पार्क आहे. एफएसएक्समध्ये तो अजून चालू आहे, वर्षातून एकदा तरी मी डीसी ३ घेऊन तिथे उतरायचे, घरांच्या छपरांवरून घासून गेल्यासारखं, त्या अर्धगोल इमारतीसमोर. नव्यात तिथे वरून हिरवं मैदान दिसतं, बरोबर आहे, आज तिथे तेच आहे. जग खरं हवं असेल तर हेही मान्य करायला लागतं. मला ते मान्य आहे आणि तरी वाईट वाटतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पुढचं सिम आलं, त्यात तर विमानंसुद्धा बरीचशी नेटवरूनच येतात. मी अजून गेले नाही. या विमानाशी माझं आत्ता कुठे जमलंय.

जुनं मी काढून टाकलेलं नाही. चार महिन्यांनी एका रविवारी ते उघडलं. तेच संगीत, तोच मेनू, फ्रायडे हार्बर, रनवे ३४, सेसना. रिअलिझमच्या पानावर जाऊन ऑटोरडरची खूण काढली, पी फॅक्टर, टॉर्क, जायरो सगळ्या पट्ट्या उजव्या टोकाला नेल्या. थ्रॉटल पुढे दिला आणि विमान डावीकडे ओढलं. हे त्यात पहिल्यापासून होतं. उजवा पाय आपणहून गेला, ५५ ला नाक उचललं, बॉल मध्ये. खाली तोच हिरवा रंग आणि ठोकळेबाज झाडं, अंतर काही लागत नव्हतं, तरी मी आत न बघता रनवेच्या पलीकडच्या टोकाकडे बघत उतरले, दोन चाकं आणि मग तिसरं. लॉगबुकमध्ये अकराशे बाराच्या पुढे शून्य पूर्णांक तीन तास जमा झाले.